आधी पंखा पाहा, मग गॅस भरा

गेल्या काही उन्हाळ्यांपासून सभासदांच्या बोलण्यात एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. पूर्वी दोन शेतकरी भेटले की पाण्याची पाळी, तोडीची चिठ्ठी आणि उसाचा भाव एवढीच बोलणी व्हायची. आता त्यात पिकअपच्या एसीची भर पडली आहे. तक्रारही जवळजवळ ठरलेली. "भाऊ, हायवेला गाडी पळते तोवर केबिन मस्त गार. काट्यापुढे लायनीत उभी केली की दहा मिनिटांत भट्टी!" यावर शेजारी उभा असलेला निदान सांगून मोकळा होतो, "गॅस संपला असंल, भरून घे."

या निदानाला आमचा विरोध आहे. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये आपल्यातले कितीतरी जण भुसावळला, फैजपूरला किंवा सावद्याला जाऊन गॅस भरून येतात, आठ-पंधरा दिवस समाधानात काढतात आणि पुन्हा तिथेच जातात. पैसा उसाचा, घाम आपला, आणि मूळ दुखणे जागच्या जागी. गाडी पळताना गारवा येतो आणि उभी राहिली की जातो, या एका खुणेतच अर्धे निदान झालेले असते. ती खूण कशी वाचावी हे सभासदांना कळावे म्हणून हा लेख.

पण त्याआधी एका कुरकुरीचा समाचार घेणे भाग आहे. आपल्यातल्या जुन्या मंडळींना एसी म्हटले की चैन वाटते. "आमच्या बापानं बैलगाडीत ऊस घातला, त्याला कुठं एसी होता?" असे आप्पा-नानांकडून नेहमी ऐकायला मिळते. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण बैलगाडीत डिझेलचे इंजिन नव्हते आणि पत्र्याची बंद केबिन नव्हती. पिकअपच्या ड्रायव्हरच्या पुढ्यात नाहीतर बुडाखाली तापलेले इंजिन असते, डोक्यावर पत्रा असतो, समोरच्या काचेतून सरळ ऊन मांडीवर येते. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तो सावलीत मोजलेला. उन्हात उभ्या असलेल्या बंद केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा २० अंशांहून अधिक उष्णता तासाभरात वाढते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच. काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. अशा केबिनमधून उतरलेल्या माणसाने रात्री सावदा किंवा रावेर स्टेशनच्या केळीच्या धक्क्यावर गाडी बिनचूक मागे घ्यावी, हायवेला डुलकी न लागता चालवावी, अशी आपली अपेक्षा असते. माणूस शिजवून काढायचा आणि वर त्याच्याकडून शुद्धीची अपेक्षा करायची, हा न्याय आम्हांला तरी पटत नाही.

सरकारलाही हे उशिरा का होईना पटले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२३ मध्ये ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली, आणि २०२५ मधल्या ठरावीक तारखेपासून तयार होणाऱ्या एन-२ व एन-३ वर्गातल्या ट्रकना कंपनीतूनच एसी केबिन देणे बंधनकारक झाले. एन-२ म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा जास्त, बारा टनांपर्यंत, त्यावरचे एन-३. आता गंमत अशी की आपल्या बहुतेक सभासदांकडे जे पिकअप आणि छोटे हत्ती आहेत ते साडेतीन टनांच्या आत बसतात. म्हणजे ऊस वाहणाऱ्या नव्या ट्रकच्या ड्रायव्हरला कायद्याने गारवा, आणि त्याच लायनीत मागे उभ्या असलेल्या पिकअपवाल्याला नाही! सूर्याला हा वर्गवारीचा तक्ता कोणी दाखवला नसावा.

असो. पिकअपच्या वरच्या मॉडेलांत हल्ली कंपनीचाच एसी मिळतो, काहींनी बाहेरून बसवून घेतला आहे. प्रश्न तो चालू ठेवण्याचा आहे. त्यासाठी यंत्र कसे चालते ते समजले पाहिजे, आणि साखर कारखान्याच्या सभासदाला ते समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. कारण एसीतले दोन मुख्य शब्द, इव्हॅपोरेटर आणि कंडेन्सर, आपल्या बॉयलिंग हाऊसमध्ये रोज कानांवर पडतात.

व्हॅक्यूम पॅनमध्ये साखरेचा पाक १०० अंशांच्या बराच खाली, साधारण ६०-६५ अंशांवर, उकळतो हे आपण कारखाना पाहताना ऐकलेले असते. पॅनमधला दाब कमी केलेला असतो म्हणून तो कमी उष्णतेवर उकळतो. दाब कमी केला की उकळी लवकर फुटते, दाब वाढवला की उशिरा, हा सृष्टीचा नियम आहे आणि एसीही त्याच नियमावर चालतो. गाडीच्या एसीत जो वायू असतो त्याला आर-१३४ए म्हणतात. मोकळ्या हवेच्या दाबाला तो शून्याच्याही खाली २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी जाळी असते, तो इव्हॅपोरेटर. तिथे या वायूचे पातळ द्रव साधारण दोन किलोच्या दाबावर ठेवले की ते शून्य अंशाजवळ उकळते. उकळायला उष्णता लागते. ती ते केबिनच्या हवेतून ओढून घेते. आपल्याला लागतो तो गारवा म्हणजे हवेतून काढून घेतलेली ही उष्णता.

आता ही काढलेली उष्णता कुठेतरी टाकली पाहिजे. पोत्यात भरून बांधावर ठेवता येत नाही. म्हणून इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तो वायू दाबतो, दाबल्याने तो तापतो, आणि तापलेला वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत जातो. हा कंडेन्सर. त्यावरून बाहेरची हवा गेली की वायू निवतो, पुन्हा द्रव होतो आणि चक्र पुढे चालू राहते.

यातली मेख अशी की वायू बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गरम असेल तरच तो आपली उष्णता बाहेर टाकू शकतो. पाणी उतारानेच जाते, तसे उष्णतेचे आहे. बाहेर ४५ अंश असले तर वायूला ६० अंशांच्या घरात जावे लागते, आणि तेवढ्यासाठी दाब सुमारे १६ किलो लागतो. एवढे ठीक आहे, यंत्र त्यासाठी बांधलेले असते. पण कंडेन्सरवरून हवा पुरेशी वाहिली नाही तर तोच वायू ७०, ८० अंशांपर्यंत चढतो. ८० अंशांना दाब २५ किलोच्या वर जातो. तिथून थोडे पुढे गेले की सुरक्षेसाठी बसवलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. केबिनमध्ये मग नुसता पंखा फिरतो आणि गरम हवा तोंडावर मारतो. आपण म्हणतो, एसी बिघडला. वास्तविक एसीने स्वतःचा जीव वाचवलेला असतो.

आपल्या कारखान्यातही हेच घडते. स्प्रे पाँडचे पाणी गरम झाले, नोझल चोंदले, की कंडेन्सरला थंड पाणी मिळत नाही, व्हॅक्यूम पडतो आणि पॅनची उकळी मंदावते. तेव्हा पॅनमनला दोष देऊन उपयोग नसतो, स्प्रे पाँडकडे जावे लागते. दीपनगरच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर भुसावळच्या कुठल्याही रस्त्यावरून जाताना दिसतात. ते एवढे मोठे बांधले त्याचे कारणही निरुपयोगी उष्णता बाहेर टाकणे हेच. पिकअपचा स्प्रे पाँड म्हणजे त्याच्या तोंडाशी वाहणारी हवा.

गाडी ताशी साठने पळते तेव्हा ही हवा फुकट मिळते. उभी राहिली की ती सर्वस्वी पंख्यावर अवलंबून. आणि इंजिनही मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसरची ताकद उतरलेली. म्हणून पळताना गार आणि उभ्याने गरम, ही खूण पाहिली की आमचे म्हणणे असे की खिशात हात घालण्याआधी बॉनेट उघडावे आणि पंखा पाहावा.

बऱ्याच गाड्यांत कंडेन्सरसाठी वेगळा विजेचा पंखा असतो. एसीचे बटण दाबले की तो लगेच किंवा थोड्या वेळाने फिरू लागला पाहिजे. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरीचा जोड पाहावा. धुळीने आणि धक्क्यांनी जोड सैल होणे ही आपल्या रस्त्यांची देणगी आहे. हे सगळे ठीक असूनही पंखा थंड असेल तर मोटरचे कार्बन झिजलेले असतात. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे, एसीवाल्याचे नव्हे. काही पंखे फिरतात पण हळू, आणि फसवणूक तिथेच होते, कारण "फिरतोय ना" म्हणून आपण बॉनेट लावतो. चांगल्या पंख्याचा वारा रेडिएटरच्या मागच्या बाजूला हाताला जोरात लागला पाहिजे. एक सूचना मात्र प्राणाच्या मोलाची समजावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. बोटे, उपरण्याचे टोक, साडीचा पदर त्याच्या जवळ नेऊ नये.

काही डिझेल पिकअपांना इंजिनवर फिरणारा पंखा असतो, त्याच्या मधोमध एक तेल भरलेली डबी असते. मिस्त्री त्याला व्हिस्कस फॅन म्हणतात. इंजिन तापले की ही डबी घट्ट धरते आणि पंखा जोरात फिरतो. डबीतले तेल गळून गेले की पंखा नुसता लोळत राहतो. तपासणी सोपी आहे. इंजिन चांगले तापवून बंद करावे, किल्ली काढावी, आणि पंखा हाताने फिरवून पाहावा. जड लागला तर बरा. भिंगरीसारखा दोन-चार फेरे घेऊ लागला तर डबी गेली असे समजावे. अशा गाडीचे इंजिनही उभ्याने तापते, म्हणजे एसीची तक्रार ही खरे तर इंजिनचीच तक्रार असते. ती गॅस भरून दाबली तर पुढे हेड गॅस्केटचा खर्च येऊ शकतो.

पंखा चांगला निघाला तर जाळी पाहावी. या बाबतीत आपण ऊस आणि कापूसवाले विशेष भाग्यवान! पाचटाचा चुरा, बगॅसचा भुसा, बॉयलरची राख, कापसाची रुई आणि गाडीवाटेची पांढरी धूळ असा पंचमेळ आपल्या जाळ्यांत भरतो. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मळ बसलेला असतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. टॉर्च घेऊन वरून आत पाहिले म्हणजे घोंगडीसारखा थर दिसतो. धुताना गाडी थंड असावी, आणि पाण्याची धार इंजिनकडून बाहेर, म्हणजे मळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल अशी धरावी. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने जवळून धार मारली तर जाळीचे पातळ पत्रे आडवे पडतात आणि हवा कायमची अडते. साधा बागेचा पाइप आणि पंधरा मिनिटांचा धीर पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट लिहिली तर काहींना राग येईल, तरी लिहितो. आपल्याकडे नवी पिकअप घरी आली की तिच्या तोंडावर काय काय चढते! लोखंडी गार्ड, दोन जास्तीचे हॉर्न, फोकस लाइट, मुलाच्या नावाची स्टीलची पाटी, दसऱ्याचे झेंडूचे तोरण संक्रांतीपर्यंत वाळलेले, आणि पावसाळ्यात बांधलेले मेणकापड उन्हाळ्यातही तसेच. हौसेला आमची ना नाही. पण कंपनीने जाळीला तोंड ठेवले ते हवा जायला ठेवले आहे, आणि आपण तिथेच बूच मारतो. नावाची पाटी टपावर लावावी. लांबून दिसेल आणि गाडीही श्वास घेईल.

हे सगळे करूनही शंका उरली तर पाण्याची परीक्षा करावी. गाडी उभी, इंजिन आणि एसी चालू, केबिन गरम होऊ लागली आहे अशा वेळी फवारणीच्या पंपाने फक्त कंडेन्सरच्या जाळीवर समोरून पाण्याचा बारीक फवारा मारावा. औषधाचा पंप आधी स्वच्छ धुतलेला असावा हे सांगायला नकोच. पाणी तापलेल्या इंजिनवर किंवा वायरींवर ओतू नये. फवारा मारताच दोन मिनिटांत आतला गारवा परत आला तर दुखणे हवेचे आहे, गॅसचे नव्हे, असे बहुधा समजावे. फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही तर मात्र गॅस कमी असण्याची, कॉम्प्रेसर थकल्याची किंवा आतल्या व्हॉल्व्हची शंका घेण्यास जागा आहे. एसीवाल्याकडे जाताना ही परीक्षा केल्याचे त्याला सांगावे. माहीतगार गिऱ्हाईक आले की दुकानदारही नीट वागतो, हा बी-बियाण्याच्या दुकानातला अनुभव इथेही लागू आहे.

गॅसबद्दल दोन शब्द स्पष्ट लिहिणे जरूर आहे. हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. काही वर्षांत जोडांतून थोडा झिरपतो हे खरे. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे आणि आपण फुटक्या पाटाला पाणी देत आहोत. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो. आधी तो जोड शोधून दुरुस्त करवून घ्यावा, मग नळ्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास ओढून काढावी, आणि मगच गॅस भरावा. तोही वजन करून. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. नेमके किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. "दोन पॉइंट जास्त मारतो, चांगला गार होईल" असे कोणी म्हणाला तर हात जोडून नको म्हणावे. जास्तीचा गॅस कंडेन्सरात जागा अडवतो, दाब आणखी चढतो, आणि उभ्या गाडीत एसी पूर्वीपेक्षा लवकर बंद पडतो.

काही ठिकाणी गाडी बंद असतानाच मीटर लावून "दाब कमी आहे" म्हणून सांगतात. बंद गाडीतला दाब हा गॅस किती आहे ते सांगतच नाही. नळीत द्रवाचा थोडा अंश जरी असला तरी ३० अंशांच्या सकाळी तो पावणेसात किलोच्या आसपास, आणि ४० अंशांच्या दुपारी नऊ किलोच्या वर दिसणार. तो हवामानाचा आकडा झाला. मीटर इंजिन चालू ठेवून, दोन्ही बाजूंना लावून, पंखा नीट फिरत असतानाच वाचायचा असतो. स्वस्त पडते म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस एसीत भरू लागला तर गाडी तिथून सरळ बाहेर काढावी. केबिनच्या आत, डॅशबोर्डमध्ये, गळती झाली तर एका विडीने सगळे आटोपते.

बाकीच्या दुखण्यांचा विस्तार करत नाही. पट्टा ढिला असला तर एसी लावताच किंचाळतो. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेला क्लच झिजला की सकाळी धरतो आणि दुपारी तापल्यावर सोडतो. त्यातही उभ्या गाडीत बॅटरीचा दाब उतरलेला असला तर लवकर सोडतो. जाळीतून वाराच कमी येत असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा फिल्टर झटकावा किंवा बदलावा. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते ते चांगले लक्षण आहे, त्याला गळती समजू नये.

आता गाडी उभी करण्याची रीत. हंगामात काट्यापुढे आपण वाहने एकमेकांना चिकटवून लावतो, मध्ये कोणी घुसू नये म्हणून. त्यामुळे पुढच्या ट्रॅक्टरच्या धुरांड्याची आणि रेडिएटरची गरम हवा मागच्या गाडीच्या जाळीत जाते. बाहेर ४० अंश असले तरी त्या कंडेन्सरला ५० ची हवा मिळते. एक गाडीभर अंतर सोडले तर कोणाचा नंबर जात नाही. नंबर चिठ्ठीवर असतो, बंपरवर नसतो. गाडीत बसताना आधी दोन्ही दारे उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी, मग एसी लावावा आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे. बाहेरची ४५ अंशांची हवा सारखी आत घेऊन ती गार करत बसणे म्हणजे अख्खी तापी गाळून प्यायला बसण्यासारखे आहे.

येथवरचे सभासदांनी करावयाचे झाले. पण आमच्या मते अर्धी जबाबदारी कारखान्याचीही आहे. वाहन तळावर सावली नाही. उन्हात उभ्या गाडीचा एसी कितीही धडधाकट असला तरी तो डिझेल खातो. इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहायला गाडीप्रमाणे तासाला अर्धा ते एक लिटर जाते. चार तास थांबावे लागले तर हिशेब सभासदांनी स्वतः करावा. त्यापेक्षा तळाच्या पश्चिम अंगाला कडुनिंब आणि करंज लावले, आणि झाडे मोठी होईपर्यंत पत्र्याची नव्हे, हिरव्या शेडनेटची उंच सावली केली, तर हंगामाअखेरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तिचा फायदा पिकअपवाल्यालाच नव्हे, ट्रॅक्टरवाल्याला, बैलगाडीवाल्याला आणि त्याच्या बैलांनाही होईल. ऊसतोड टोळीतली माणसे दिवसभर उन्हात राबतात, त्यांच्यापुढे ड्रायव्हरच्या एसीची चर्चा शोभत नाही असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे खोटे नाही. म्हणूनच आम्ही सावली आणि पाणी मागतो. एसी एकट्याला गार करतो, झाड सगळ्यांना.

सावलीअभावी एक भयंकर सवय लागत चालली आहे, तिच्याबद्दल मात्र कडक शब्दांत लिहावे लागते. रात्री नंबर लांब असला की ड्रायव्हर काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून केबिनमध्ये झोपतो. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. सायलेन्सर गंजून भोक पडले असेल, केबिनच्या तळाचे रबर गेले असेल, किंवा गाडी भिंतीला किंवा शेडमध्ये पाठ लावून उभी असेल तर धूर आत येऊ शकतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांत धोका अधिक. डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. जागेपणी डोके दुखू लागले, मळमळले, अंग जड वाटले तर इंजिन बंद करून ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. केळीच्या बंद गोडाऊनमध्ये तर गाडी चालू ठेवून क्षणभरही झोपू नये. आणि दुसरे, लहान मुलाला "एसी चालू आहे, बस इथंच" म्हणून गाडीत ठेवून कोणी कार्यालयात जाऊ नये. वर लिहिलेला प्रेशर स्विच केव्हा कॉम्प्रेसर बंद पाडेल याचा नेम नाही, आणि त्यानंतर त्या केबिनमध्ये काय होते ते आपण पाहिलेच.

ड्रायव्हर मंडळींना झोपायला वाऱ्याची, पंखे असलेली एक साधी खोली आणि रात्रभर भरलेला पाण्याचा माठ कारखान्याने दिला तर ही सवय आपोआप सुटेल. त्याला फार मोठे अंदाजपत्रक लागत नाही.

शेवटची मागणी वर्कशॉपबाबत. गाळप संपले की आपण मिलचे रोलर, पंप, कंडेन्सर सगळे खोलून ओव्हरहॉलिंग करतो. पुढच्या हंगामात ते बंद पडू नये म्हणून करतो, बंद पडल्यावर नव्हे. तोच शिरस्ता सभासदांच्या वाहनांना लावता येईल. वजनकाटा असलेले गॅस भरण्याचे यंत्र, मीटरचा जोड आणि व्हॅक्यूम पंप एकेका सभासदाने घेणे वेडेपणाचे आहे. सर्वांमिळून एक घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. खते आणि बेणे आपण अशीच एकत्र घेतो. उन्हाळा तापायच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, गटवार दिवस ठरवून वर्कशॉपच्या आवारात वाहनांची तपासणी ठेवावी. जाळी धुणे, पंखा आणि पट्टा पाहणे एवढे काम विनामूल्य, आणि गॅस लागलाच तर वजनाप्रमाणे पैसे उसाच्या बिलातून वळते करावेत.

हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आणावा असे आम्ही संचालक मंडळास सुचवीत आहोत. ज्या सभासदांची पिकअप, छोटा हत्ती किंवा जीप आहे त्यांनी आपला सभासद क्रमांक, गाव, वाहनाचा प्रकार आणि एसी कंपनीचा की बाहेरून बसवलेला एवढी माहिती एका कागदावर लिहून आपापल्या शेतकी गट कार्यालयात द्यावी. वाहने किती आहेत हे कळल्याशिवाय यंत्राचा खर्च मांडता येणार नाही. सावलीसाठी झाडे लावायला पावसाळ्याचे पहिले दोन पाऊस पुरतात, तेव्हा खड्डे मे महिन्यातच घ्यावे लागतील.